स्वग्रामीचे देणे

केंद्र सरकारच्या नोकरीत शिरणाऱ्या प्रत्येकाला आपले मूळ गाव कोणते, हे एकदा लिहून द्यावे लागते. रजा प्रवास सवलतीच्या हिंदी कागदांत त्याला ‘गृहनगर’ म्हणतात, आपल्याकडच्या सरकारी मराठीत ‘स्वग्राम’. ही सवलत प्रथम १९५६ साली मिळाली; आज लागू असलेले नियम १९८८ चे आहेत. एकदा लिहून दिलेले गाव सामान्यतः कायमचे समजले जाते. अपवादात्मक कारण असेल, तर खातेप्रमुखाच्या संमतीने ते बदलता येते. पण सबंध नोकरीत एकदाच. बिऱ्हाड कितीही वेळा बदलावे, स्वग्रामाच्या बाबतीत मात्र सरकार असे काटेकोर आहे.

सांगितलेले गाव खरोखरीच त्या माणसाचे आहे, हे ठरवावयाचे कसे, याविषयीचा सरकारी खुलासा मला नेहमीच विचार करण्याजोगा वाटत आला आहे. तेथे घरदार आहे काय, जवळचे नातेवाईक राहतात काय, हे प्रश्न त्यात आहेतच. परंतु आणखी एक प्रश्न आहे, आणि तो अधिक खोल जाणारा आहे. कौटुंबिक आणि सामाजिक कर्तव्ये पार पाडण्यासाठी जेथे मधूनमधून जातीने हजर राहावे लागते, असे ते ठिकाण आहे काय? कोठल्या नदीचे पाणी आठवते, कोठल्या बोळातून जाताना पाय आपोआप मंदावतात, हे सरकार विचारीत नाही. तुमचे देणे कोठे आहे, एवढेच विचारते. गावाची याहून नेमकी व्याख्या एखाद्या तत्त्वज्ञानेही केली असती की नाही, याची शंका वाटते. जेथे आपण ऋणी आहोत, ते आपले गाव.

आपणांपैकी बहुतेकांनी हा कागद भरलेला आहे, आणि दोन वर्षांतून एकदा त्या कागदाच्या आधारे आपण स्वग्रामी जातो. एकटे असताना हा हिशेब सोपा असतो. देणे आपले, पाय आपले, रजाही आपली. घरात लहान मूल आले म्हणजे मात्र एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर कोठल्याही नियमात सापडत नाही. नियमांनी मुलाला कुटुंबात धरले आहे. स्वतंत्र शायिका मागितली नाही, तर पाच वर्षांखालील मुलाचे भाडेही रेल्वे घेत नाही. प्रवासाची सोय झाली. पण त्या प्रवासातील मुलाचे स्थान कोणते? दोन वर्षांच्या जिवाचे गावाला काय देणे लागते? आणि काहीच लागत नसेल, तर त्याला दीड दिवस गाडीत घालून, एका घरातून दुसऱ्या घरात आणि एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दिल्लीहून मिरजेस गेलो. निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्सप्रेस भोपाळ, भुसावळ, पुणे, सातारा, सांगली अशी मजल करीत मिरजेला पोहोचते. माझे माहेर मिरजेचे, सासर तासगावचे. रजा पंधरा दिवसांची. त्यांतले तीन प्रवासात गेले, उरले बारा. ज्या घरी गेलेच पाहिजे अशी घरे मोजली, ती अकरा भरली: तासगाव, मिरज, सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर, विटा आणि आसपासची खेडी. बारा दिवस आणि अकरा घरे हे गणित परगावी राहणाऱ्या कोणाही मराठी गृहिणीस नवे नाही. यात नवी होती ती आमची दोन वर्षांची मुलगी.

आता या प्रसंगी काय घडते, ते पाहा. दार उघडते, पाचसात माणसे एकदम पुढे येतात, आणि कोणीतरी म्हणते, “ये गं, माझ्याकडे ये.” मूल आईच्या खांद्यात तोंड खुपसते. “ओळखलं नाहीस होय आजीला? वर्षभर फोनवर तर बोलत होतीस!” मग आईच मुलाचे हात सोडवून त्याला पुढे करते. ते रडू लागते. आई ओशाळते आणि म्हणते, “एरवी अशी नाही हो ती.” या एका वाक्यात प्रश्नाचे सारे मर्म आहे. क्षमा कोण मागते आहे? आई. कोणाच्या वतीने? मुलाच्या. कशाबद्दल? अनोळखी माणसाला भ्याल्याबद्दल. म्हणजे निसर्गाने त्या वयाला जे शहाणपण दिले आहे, त्याबद्दल. साधारणतः आठ महिन्यांच्या सुमारास मुलाला आपले आणि परके यांतील भेद कळू लागतो. ज्या दिवशी तो कळतो, त्या दिवशी आपण आनंदाने टाळ्या पिटतो, आणि पुढे गावी गेल्यावर त्याचाच दोष मानतो.

मुलाला असे पुढे करण्यामागे केवळ रीतभात आहे, असे मला वाटत नाही. त्याचे मूळ फार जुने आहे. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, ही कल्पना वैदिक वाङ्मयात आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे आपण सामान्यतः ऐकलेली असतात. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे आणि संततीने पितरांचे ऋण फिटते. यातील तिसऱ्या ऋणाकडे नीट पाहावे. पहिली दोन आपण आपल्या कर्माने फेडतो. तिसरे फेडतो ते दुसऱ्या एका माणसाने. मूल हीच येथे फेड आहे. घराण्याचे देणे चुकवण्यासाठी जणू ते नाणे पाडलेले आहे. सुनेने सासूच्या मांडीवर मूल ठेवले की दोघींच्याही डोळ्यांत जे पाणी येते, त्यात या प्राचीन फेडीचा काही अंश असतो. तो मला खोटा वाटत नाही. मी स्वतः तो अनुभवलेला आहे.

याच्या नेमके उलट टोकाचे मत कांट या जर्मन तत्त्वज्ञाचे आहे. १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात तो म्हणतो की, आईबाप एका व्यक्तीला तिच्या संमतीवाचून या जगात आणतात. म्हणून त्या व्यक्तीला आपल्या स्थितीत समाधान वाटावे, यासाठी शक्य ते करणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. म्हणजे ऋण आहे, परंतु त्याची दिशा उलटी आहे. मूल ऋणको नव्हे, धनको आहे. आणि कोणाही मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे त्याचे त्याआधीचे, १७८५ सालच्या ग्रंथातील वचन सर्वश्रुतच आहे. या मताने पाहिले, तर आपल्या अकरा घरांच्या यादीचे काय होईल, हे सांगावयास नको. मुलाला मांडीमांडीवर फिरवून आपले सामाजिक देणे चुकते करणारे आपण सारेच त्याच्या न्यायासनापुढे आरोपी ठरू.

कांटचे म्हणणे बुद्धीला पटते. पण ते पुरते असे मला वाटत नाही. मूल धनको असेल, तर त्याला द्यावयाचे काय? सुरक्षित खोली, वेळेवर दूध आणि ओळखीच्या चार वस्तू एवढेच? तसे असेल, तर दिल्लीच्या सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांत त्याला सारे काही मिळतेच. स्वग्रामाचे प्रयोजन उरत नाही. येथेच एक शहाणा आक्षेप पुढे येतो, आणि आमच्या कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने तो बोलूनही दाखवला. तो म्हणाला, “ताई, एवढा खटाटोप कशाला? तिला यातलं काही आठवणार आहे का?”

आठवणार नाही, हे खरेच आहे. फ्रॉइडने १९०५ साली बालपणाच्या या विस्मृतीकडे लक्ष वेधले. पुढे मानसशास्त्रज्ञांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला. प्रौढ माणसाची सर्वांत जुनी आठवण बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या अलीकडे जात नाही. म्हणजे आमच्या मुलीच्या दृष्टीने ते बारा दिवस पुसले जाणार, हे जवळजवळ निश्चित. परंतु आठवण हीच किमतीची कसोटी मानली, तर त्याचा परिणाम भयंकर होईल. आपल्या आईने पहिली तीन वर्षे रात्ररात्र जागून काढली, त्यांतील एकही रात्र आपणांस आठवत नाही. मग त्या रात्री व्यर्थ गेल्या काय? उलट आपण आज जे काही आहोत, त्याचा पाया त्या न आठवणाऱ्या दिवसांतच भरला गेला. मूल भाषा शिकते, पण शिकल्याचे त्याला स्मरत नाही. आमची मुलगी दिल्लीत पाळणाघरात आणि शेजारी दिवसभर हिंदी ऐकते. त्या हिंदीत ‘ळ’ नाही. घरात आम्ही दोघेच मराठी बोलणारी. तासगावला चार बायका एकदम बोलू लागल्या. केळे, गूळ, बाळ, फळी, सकाळ असा ‘ळ’चा नुसता पाऊस पडला. सहाव्या-सातव्या दिवशी तिने ‘केलं’ सोडून ‘केळं’ म्हटले. ते कोणी शिकवले, हे तिला कधीच सांगता येणार नाही; पण ‘ळ’ तिच्या जिभेवर राहील.

दुसरी एक गोष्ट सांगते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तिने आजीला शेकडो वेळा पाहिले होते. प्रत्यक्ष भेटीत पहिले दोन दिवस ती आजीकडे गेली नाही. लांबून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई अंगणात बेदाणे निवडीत बसल्या होत्या. त्यांनी तिला हाक मारली नाही. तिच्याकडे पाहिलेही नाही. ती हळूहळू जवळ गेली आणि त्यांच्या पायाला बोट लावून म्हणाली, “आजीला पाय!” पडद्यावरच्या आजीला चेहरा होता, आवाज होता, पाय कधीच दिसले नव्हते. जातीने हजर राहणे म्हणजे काय, हे सरकारी खुलाशापेक्षाही त्या दोन शब्दांनी मला अधिक चांगले कळले. आणि हेही कळले की, त्या भेटीसाठी दोन दिवस वाट पाहावी लागली. अकरा घरांत अकरा वेळा दोन दिवस थांबता येत नाही.

म्हणून आम्ही ठरवले की, मुलीने दोनच घरी राहावयाचे. ज्यांना शक्य असेल त्यांनी तेथे यावे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्याकडे आम्ही दोघांपैकी एकाने जावे. हा निर्णय योग्य होता, असे मी आजही मानते. तथापि योग्य निर्णयाचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि ती मोजणारा माणूस बहुधा निर्णय घेणारा नसतो, हे येथे सांगितलेच पाहिजे.

यजमानांच्या एक आत्याबाई विट्याजवळ खेड्यात राहतात. वय ऐंशीच्या पुढे. गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणे बंद. त्यांच्याकडे मी एकटी गेले. दिवसभर राहिले, पाय चेपले, जेवण केले. त्या प्रेमाने वागल्या, पण निघताना म्हणाल्याच, “तू आलीस ते बरं केलंस गं. पण मी काय तुला बघायला बसले होते व्हय?” मग उठून त्यांनी ट्रंकेतून एक खणाची कुंची काढली. मुलीच्या जन्माची बातमी कळली, तेव्हा शिवलेली. दोन वर्षे ती तशीच घडी करून ठेवली होती. आता ती मुलीच्या डोक्याला बसणारी नव्हती, हे त्यांना आणि मला एकदमच दिसले. दोघीही काही बोललो नाही.

अशा प्रसंगी कांटच्या ग्रंथाचा काय उपयोग? म्हाताऱ्या माणसांच्या बाजूनेही एक गणित आहे, आणि ते फार निष्ठुर आहे. माझे सासरे सत्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांतून एकदा बारा दिवस या हिशेबाने, ते चौऱ्याऐंशी वर्षांपर्यंत जगले, तर सात खेपा होतात. म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. चौदा वर्षांत तीन महिनेही भरत नाहीत. मुलाजवळ वेळ भरपूर आहे, वृद्धाजवळ नाही. मग ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला आधी द्यावे, असे न्यायबुद्धी सांगते. मूल घटकाभर रडेल आणि विसरेल. आत्याबाई मात्र ती घटका उरलेले सारे दिवस जपून ठेवतील. तर मग घटकाभराचे ते रडणे फारच स्वस्त नाही काय?

या युक्तिवादाला उत्तर देणे मला सोपे गेले नाही. तरीही माझे मत असे की, तो अर्धाच खरा आहे. वृद्धांचा हक्क खरा आहे. परंतु तो आपल्यावर आहे, मुलावर नाही. दोन वर्षे मी विट्याला गेले नव्हते, ते देणे माझे होते. ते माझ्या पायांनी, माझ्या रजेने, जमल्यास पत्राने आणि पैशाने फेडावयाचे. ते मुलीच्या रडण्याने फेडणे म्हणजे एकाच्या खात्यावरचे कर्ज दुसऱ्याच्या खात्यातून वळते करून घेणे होय. कोणताही लेखापाल ते मान्य करणार नाही. मूल विसरते म्हणून ते स्वस्त, हा विचार तर विशेष धोक्याचा. ज्याला तक्रार करता येत नाही आणि ज्याच्या स्मरणात काही राहत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यातच आपल्या नीतीची खरी परीक्षा असते. तेथे आपणांस पाहणारे दुसरे कोणी नसते.

मग पितृऋणाची ती प्राचीन भावना टाकून द्यावी काय? मला वाटते, तिचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. शतपथ ब्राह्मणात तीन नव्हे, चार ऋणे सांगितली आहेत. चौथे मनुष्यांचे, आणि ते फिटते दुसऱ्याला राहावयास जागा आणि खावयास अन्न दिल्याने, म्हणजे आतिथ्याने. हे चौथे ऋण आपण सहसा विसरतो. माझे म्हणणे एवढेच की, गावी नेलेल्या लहान मुलाला आपण तिसऱ्या ऋणाच्या रकान्यातून काढून चौथ्या रकान्यात ठेवावे. फेडीचे नाणे न मानता त्याला पाहुणा मानावे. पाहुण्याच्या बाबतीत आपल्या घरांची रीत उत्तम आहे. त्याला आधी पाणी देतात, मग नाव विचारतात. त्याला ओढून मिठीत घेत नाहीत. तो बसेल तेथे बसू देतात, आणि तो आपणहून बोलू लागेपर्यंत धीर धरतात. अंगणात बेदाणे निवडणाऱ्या सासूबाईंनी नेमके हेच केले होते. त्यांनी कांट वाचलेला नाही, आणि शतपथ ब्राह्मणही नाही.

पाहुणा मानल्यावर व्यवहार फार अवघड राहत नाही. घरे थोडी, मुक्काम लांब. “ये” म्हणावे, पण हात पुढे करून थांबावे. नमस्कार आईबापांनी करावा. मूल पाहील आणि एक दिवस आपणहून वाकेल. जेथे मुलाला नेता येणार नाही तेथे आपण मात्र चुकता जावे, आणि ऐकावे लागेल ते ऐकून घ्यावे. कारण ते ऐकून घेणे हाही त्या देण्याचाच एक हप्ता आहे. पुढच्या खेपेस पहिला मुक्काम विट्याला, असे आम्ही ठरवले आहे. चांगले तीन दिवस. ती खेप आत्याबाईंना लाभेल की नाही, हे कोणी सांगावे? एवढ्या अनिश्चिततेसह जगण्याची तयारी असल्यावाचून दूरच्या नोकरीत नाती सांभाळता येत नाहीत.

एक कर्तव्य मात्र शिल्लक राहते, आणि ते सर्वस्वी आपले आहे. लग्नघरात आहेराची वही असते. कोणी काय दिले, याची तीत नोंद होते, म्हणजे त्यांच्या घरी कार्य निघाले की परतफेड करता येते. मुलाला जे मिळाले ते त्याला स्मरणार नाही. म्हणून त्याची वही आपण ठेवावयाची. परतफेडीसाठी नव्हे, सांगण्यासाठी. मी ती ठेवू लागले आहे. तीत लिहिले आहे: ‘केळं’ हा शब्द, तासगावच्या चौघींकडून, सहावा किंवा सातवा दिवस. आजीचे पाय, अंगणात. बेदाणे, दोन मुठी. खणाची कुंची, विट्याच्या आत्याबाईंकडून, लहान पडली. ही वही पुढे मुलीला वाचून दाखवीन. त्यातून तिला कोणाचे काय देणे लागते, हे ठरवण्याचा अधिकार तिचा. आपले स्वग्राम कोणते, हेही तिचे तीच ठरवील. ते कदाचित दिल्ली असेल. कोठे कोठे आपली वाट पाहिली गेली होती, एवढे मात्र तिला ठाऊक असावे.